क्लबवाल्यांनो, शाळेत या, पण एका दिवसापुरते येऊ नका

प्रति,
सगळ्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचे मालक, सीईओ, अ‍ॅकॅडमी बघणारे आणि कम्युनिटी डिपार्टमेंटमधली मंडळी,

नमस्कार.

मी शाळेत पीटी शिकवते. एकवीस वर्षं झाली. हे पत्र खूप दिवस डोक्यात होतं, आज बसून लिहितेय, थोडं लांबलंय पण कृपया शेवटपर्यंत वाचा. मी कुठल्या एका क्लबबद्दल लिहीत नाहीये, माझ्या शाळेत आलेल्या क्लबचं नाव पण मी घेणार नाही, कारण इतर शाळांतल्या पीटीच्या शिक्षकांशी बोलले तेव्हा बहुतेकांकडून हेच ऐकलं, फक्त जर्सीचा रंग वेगळा.

तर झालं असं की काही वर्षांपूर्वी एका क्लबची गाडी आमच्या शाळेत आली. आधी दोन दिवस फोनाफोनी, ग्राउंड झाडून घेतलं, सगळ्या वर्गांना खाली बसवलं. चार कोच, दोन खेळाडू, एक मोठा बॅनर, कॅमेरावाले. चाळीस मिनिटं मुलांनी कोनमधून, म्हणजे ग्राउंडवर ठेवलेल्या शंकूंमधून, बॉल नेला, खेळाडूंनी बॉल पायावर उडवून दाखवला, मुलं अक्षरशः वेडी झाली. मग जर्सी वाटल्या, ग्रुप फोटो झाला, जाताना एका कोचने दोन मुलांची नावं आणि त्यांच्या पालकांचे नंबर लिहून घेतले आणि गाडी गेली. त्यानंतर कोणी आलं नाही. फोन नाही, मेसेज नाही. ज्या दोन मुलांची नावं घेतली होती त्यातला एक सातवीतला मुलगा कितीतरी आठवडे दर सोमवारी मला विचारायचा, मॅडम त्यांचा फोन आला का. मी म्हणायचे येईल. नंतर त्याने विचारायचं सोडलं आणि पीटीच्या तासाला पायरीवर बसायला लागला. पाय दुखतो म्हणायचा. पाय दुखत नव्हता हे मला कळत होतं.

त्या फोटोत आमची सगळी शाळा आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये कदाचित "एवढ्या मुलांपर्यंत पोहोचलो" असा आकडा गेला असेल, आणि तो आकडा खोटा नाहीये, मुलं खरंच होती तिथे. पण माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेशी नातं जोडलं की नाही हे तुमची गाडी गेटमधून आत येते त्या दिवशी ठरतच नाही, गाडी निघून गेल्यावर पुढच्या मंगळवारी माझ्या तासाला ग्राउंडवर काय होतं त्यावर ठरतं. या पत्रात मी जे काही मागणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून आलंय.

आधी एक आठवण करून देते, कारण मला वाटतं क्लबवाले हे विसरलेत. शाळा आणि क्लब ही दोन वेगळी घराणी नाहीयेत. इंग्लंडचा सण्डरलँड क्लब घ्या, १८७९ साली जेम्स अ‍ॅलन नावाच्या एका शाळामास्तराने सुरू केला आणि सुरुवातीला तो शिक्षकांचाच क्लब होता, नावातच टीचर्स असोसिएशन होतं, पुढे पैशाची चणचण झाली म्हणून शिक्षक नसलेल्यांनाही घ्यायला लागले. नॉर्थम्प्टन टाउन १८९७ मध्ये शाळेतल्या शिक्षकांनी एका वकिलासोबत मिळून काढला. लेस्टरचा क्लब १८८४ मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून सुरू केला. आणि तिकडे अर्जेंटिनात तर अलेक्झांडर वॉटसन हटन नावाच्या स्कॉटिश शिक्षकाने ब्युनोस आयर्समध्ये शाळा काढली आणि पोरांना फुटबॉल शिकवलं, त्या शाळेतून निघालेल्या अलुम्नाय टीमने १९०० ते १९११ मध्ये दहा वेळा लीग जिंकली. दहा वेळा! ज्या देशाच्या फुटबॉलसाठी आज जग रात्र जागवतं त्या देशातलं फुटबॉल शाळेच्या ग्राउंडवर रांगायला शिकलं. म्हणून तुम्ही शाळेत येता तेव्हा ते उपकार किंवा दानधर्म म्हणून येऊ नका. माहेरी आल्यासारखं या, आणि माहेरी माणूस चाळीस मिनिटांसाठी येत नाही.

आता तुम्ही म्हणाल की एवढा वेळ कुणाकडे आहे, सीझन चालू असतो, खेळाडू बिझी असतात. मान्य. पण मला खेळाडू नकोच आहेत हो. खरंच. वर्षातून एकदा आला तर मुलांना आनंद होईल, नाही आला तरी चालेल. मला पाहिजे तुमचा एक कोच, दर आठवड्याला, त्याच दिवशी, त्याच वेळेला. तोच चेहरा. मुलांना नाव पाठ झालं पाहिजे त्याचं आणि त्याला मुलांची.

हे मी हवेत बोलत नाहीये, मी स्वतः एकदा अनुभवलंय. दुसऱ्या एका क्लबची एक कोच मुलगी, वयाने तशी लहानच, बारा आठवडे आमच्याकडे आली. कसलाही गाजावाजा नाही, बॅनर नाही. पहिल्या दिवशी तिने बॉल आणलेच नाहीत. पायरीवर बसून माझा तास बघितला. मला आधी राग आला होता, म्हटलं ही काय माझी परीक्षा घ्यायला आलीय का. तास संपल्यावर तिने फक्त एक विचारलं, मॅडम रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मुलाच्या पायाला आज किती वेळा बॉल लागला?

मी मोजलंच नव्हतं कधी. तिने मोजलं होतं. दोन वेळा. अख्ख्या तासात दोन वेळा! कारण मी वर्षानुवर्षं काय करत होते, दोन रांगा लावायचे, एकेकाने कोनमधून बॉल न्यायचा, गोलवर मारायचा आणि परत रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं, चाळीस मुलं, दोन बॉल. आणि मग उरलेल्या वेळात अकरा-अकराची मॅच, ज्यात सात-आठ मुलं खेळतात आणि बाकीची बॉल आपल्याकडे येऊ नये म्हणून कडेकडेने पळतात. मला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं आणि मी तेच करत आले.

पुढच्या आठवड्यात तिने ग्राउंडचे कोन लावून छोटे छोटे चौकोन केले, चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, प्रत्येक चौकोनात एक बॉल, तीन मिनिटं झाली की टीम सरकायची. रांग नावाचा प्रकारच संपला. चार जणांत लपायला जागा नसते ना, बॉल येतोच पायाशी, आणि तो परत परत आला की हळूहळू भीती जाते. हे बोलायला सोपं वाटतं पण कोणीतरी दाखवावं लागतं, आणि एकदा दाखवून होत नाही. पहिले चार आठवडे तिने घेतलं आणि मी बघितलं, मधले चार आम्ही दोघींनी मिळून घेतलं, शेवटचे चार मी घेतलं आणि ती कडेला उभी राहून बघत होती आणि नंतर बारीकसारीक सांगायची, म्हणजे मॅडम तुम्ही शिट्टी फार वाजवता, खेळ चालू असताना थांबवू नका, ज्याला सांगायचंय त्याच्या शेजारून पळत सांगा. बारा आठवड्यांनी ती गेली. पण तास तसाच राहिला. आज इतकी वर्षं झाली, माझ्या तासाला रांग नाही. माझ्यासोबतच्या सरांनी ते माझ्याकडून घेतलं. तो पायरीवर बसणारा मुलगा पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठून चौकोनात आला होता, कुणी त्याला बोलवलं नव्हतं.

म्हणून मागणी नंबर एक वगैरे म्हणत नाही पण सगळ्यात मोठी मागणी हीच आहे की मुलांना शिकवायला येता तेव्हा शिक्षकालाही शिकवा. तुमचा कोच वर्षाला किती शाळांमध्ये जाणार? पाच, दहा, पंधरा. पण शिक्षिका त्या शाळेत वीस-पंचवीस वर्षं असते. तिच्या हाती द्या. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगने, २०१७ मध्ये प्रायमरी स्टार्स नावाचा कार्यक्रम सुरू केला, पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी, त्यात क्लबचे कोच प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांसोबत उभं राहून पीटीचा तास घेतात म्हणजे शिक्षकाचा हात बसावा, आणि भाषा-गणिताचे धडे पण फुटबॉलमधून करून दिलेत, शिक्षकांना फुकट मिळतात. ते सगळीकडे परफेक्ट चालतं असं मी म्हणत नाही पण दिशा बरोबर आहे.

आणि इथे मी आमच्या लोकांनाही बोलणार आहे, म्हणजे मुख्याध्यापक आणि माझे शिक्षक बंधू-भगिनी. क्लबचा कोच आला की आपण काय करतो, मुलं त्याच्या ताब्यात देतो आणि आपण स्टाफरूममध्ये वह्या तपासायला जातो. मला कळतं वह्या साचलेल्या असतात, मी पण गेलेय. पण मग तो गेल्यावर आपल्या हातात काहीच राहत नाही आणि नव्याचे नऊ दिवस संपले की पुन्हा दोन रांगा. क्लबने करारातच लिहावं की तासाला शाळेचा शिक्षक ग्राउंडवर असेल, नसेल तर तास होणार नाही. थोडं कडक वाटेल पण चालेल.

आता अभ्यासाचं. फुटबॉल क्लबचा आणि अभ्यासाचा काय संबंध असं पालकसभेत मला कितीतरी वेळा विचारलं जातं. माझं आवडतं उदाहरण आहे इंग्लंडमधलंच, १९९७ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने प्लेइंग फॉर सक्सेस म्हणून एक योजना काढली होती. त्यात काय केलं, फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्येच अभ्यासाची केंद्रं उघडली, जी मुलं वाचनात, गणितात, कॉम्प्युटरमध्ये मागे पडली होती त्यांनी शाळा सुटल्यावर तिथे यायचं. बघा ना, ज्या मुलाला "तुझा जादा तास आहे" म्हटलं की पोटात दुखायला लागतं त्याच मुलाला "तुला स्टेडियमच्या आत जायचंय" म्हटलं तर तो चपला घालून आधीच तयार! आणि आत गेल्यावर काम काय, तर प्रेक्षक किती, तिकिटं किती, ग्राउंडचं क्षेत्रफळ किती, मॅचचा रिपोर्ट लिही, खेळाडूला विचारायचे प्रश्न तयार कर. मागे पडलेल्या मुलाला मागे पडलाय म्हणून वेगळं बसवलं की त्याच्या कपाळावर शिक्का बसतो, इथे मात्र त्याला बाकीच्या मुलांना हेवा वाटेल अशा ठिकाणी नेलं. ही केवढी शहाणपणाची गोष्ट आहे! सरकारी निधी बंद झाल्यावर ती योजना पुढे थांबली, पण क्लबकडे काय आहे जे शाळेकडे नाही, याचं उत्तर त्यात आहे. तुमच्याकडे पैसा आहे म्हणून मी हे म्हणत नाहीये. तुमच्या दाराला ओढ आहे. मुलं त्या दारातून आत जायला काहीही करतील, गणितसुद्धा. मॅच नसते त्या दिवशी स्टेडियममधल्या कितीतरी खोल्या रिकाम्या असतात, त्यातली एक द्या.

पुढचा मुद्दा जरा नाजूक आहे, सिलेक्शनचा. शाळेत येताना तुमच्या कोचच्या खिशात एक वही असते हे आम्हाला माहीत असतं. टॅलेंट शोधणं तुमचं काम आहे, त्याला माझा विरोध नाही. विरोध याला आहे की दोन्ही कामं एकाच तासात होतात. एकदा का मुलांना कळलं की कोच निवड करतोय, की तास संपला, म्हणजे खेळ संपला आणि दाखवणं सुरू झालं, चांगली खेळणारी मुलं पास देत नाहीत आणि बाकीची बाजूला होतात. म्हणून शाळेचा तास वेगळा आणि ट्रायल, म्हणजे निवड चाचणी, वेगळी, दिवस वेगळा, माणूस वेगळा. आणि ट्रायलला बोलावलं तर उत्तर द्या. नाही असेल तर नाही सांगा, दोन ओळींत, पण सांगा. त्या सातवीतल्या मुलासाठी मी हे मागतेय.

आणि निवडताना जन्मतारीख बघता का? हा प्रश्न मी मनापासून विचारतेय. एकाच वर्गात, एकाच वयोगटात, वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला आणि शेवटी जन्मलेला यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलात वर्षभर म्हणजे केवढं तरी अंतर, उंचीत, पळण्यात, धडक सोसण्यात. देशोदेशीच्या अ‍ॅकॅडमींमध्ये, म्हणजे क्लब निवडलेल्या मुलांना जिथे घडवतात तिथे, वयोगटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त आणि शेवटच्या महिन्यांतली खूप कमी दिसतात हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. म्हणजे आपण टॅलेंट निवडतोय असं वाटतं आणि निवडतो मात्र थोडं आधी मोठं झालेलं मूल. शिक्षकाला विचारा ना! मला माहीत असतं कोण उशिरा वाढणार आहे, कुणाचा मोठा भाऊ दहावीत एकदम उंच झाला, कोण बुटका आहे पण खेळ वाचतो. आम्ही त्यांना रोज बघतो, तुम्ही वीस मिनिटं बघता. तुमच्या स्काऊटने, म्हणजे टॅलेंट शोधणाऱ्या माणसाने, वही काढायच्या आधी आमच्याशी एकदा बोलावं एवढंच.

निवडलेल्या मुलाचं पुढे काय, हे पण बोलू. अ‍ॅकॅडमीत गेलेलं मूल आमच्याच वर्गात असतं. आठवड्यातून चार दिवस प्रॅक्टिस, शनिवार-रविवार मॅच, प्रवास, आणि सोमवारी पहिल्या तासाला डोळे मिटतात. आम्हाला कोणी वेळापत्रक देत नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी टूर्नामेंट आहे हे आम्हाला मुलाकडून कळतं. जर्मनीत २००० सालच्या युरो स्पर्धेत त्यांची टीम गटात शेवटची आली तेव्हा त्यांनी सगळी व्यवस्थाच हलवली, व्यावसायिक क्लबना अ‍ॅकॅडमी सक्तीची केली आणि अ‍ॅकॅडमीसोबत शाळाही जोडून घेतल्या, तिथे त्यांच्या फुटबॉल संघटनेकडून शाळांना मान्यता दिली जाते आणि सकाळच्या प्रॅक्टिससाठी शाळेचं वेळापत्रक बसवतात, बुडलेला अभ्यास भरून घेतात. २०१४ मध्ये त्यांनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा सगळ्यांनी अ‍ॅकॅडमीचं कौतुक केलं, त्यात शाळांचाही वाटा होता ना? माझी मागणी साधी आहे, क्लबच्या अ‍ॅकॅडमीत एक माणूस असा पाहिजे ज्याचं काम शाळेशी बोलणं हेच आहे. महिन्याला एक फोन. मूल झोपतंय का, जेवतंय का, मार्क कुठे घसरले, चिडचिड वाढलीय का, हे दोन्ही बाजूंनी एकमेकांना सांगायचं.

कारण बहुतेक मुलं शेवटी परत येतात. पहिल्या टीमपर्यंत पोहोचणारी बोटावर मोजण्याइतकी, हे तुम्हालाही माहीत आहे. बाकीच्यांना एक दिवस सांगितलं जातं की पुढच्या सीझनला तू नाहीस. आणि ते मूल दुसऱ्या दिवशी कुठे येतं? आमच्याकडे, वर्गात, जिथे सगळे त्याला "आपला प्लेयर" म्हणत होते. मी अशी मुलं बघितली आहेत. दप्तरातून क्लबची बॅग गायब होते, बोलत नाहीत, वर्गात कोणी फुटबॉलचं नाव काढलं की उठून जातात. तुम्ही मुलाला सोडणार असाल तर निदान शाळेला आधी कळवा म्हणजे त्या सकाळी कोणीतरी त्याच्याजवळ असेल. क्रिस्टल पॅलेस क्लबने २०२१ मध्ये असं जाहीर केलं की अ‍ॅकॅडमीतून बाहेर पडलेल्या तरुण खेळाडूंना तीन वर्षं आधार देणार, नोकरी, शिक्षण, मानसिक सगळं. ते अठरा वर्षांपुढच्यांसाठी होतं, पण बारा वर्षांच्या मुलाला पण तेवढीच गरज असते, कदाचित जास्तच.

याच्याशी जोडून एक पैशाचं. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली, म्हणजे खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबने पैसे मोजून घेतलं, की फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमाप्रमाणे त्या रकमेतला ५ टक्के वाटा त्या खेळाडूला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबमध्ये वाटला जातो. चांगला नियम आहे. पण तो क्लबसाठी आहे. शाळा जर फुटबॉल संघटनेकडे क्लब म्हणून नोंदलेली नसेल तर तिला यात जागा नाही. नियम बदलणं तुमच्या हातात नाही, पण आपला हिस्सा येईल तेव्हा त्यातला काही भाग ज्या शाळेतून तो मुलगा आला तिच्या ग्राउंडसाठी द्यायचा हे ठरवणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मोठी रक्कम नको. बॉल, जाळी, पंप, मुलींसाठी कपडे बदलायची नीट खोली.

मुलींचं मी मुद्दाम वेगळं लिहितेय. क्लबची गाडी आली की "टीम पाठवा" म्हणतात आणि मुलांची टीम खाली उतरते, मुली खिडकीतून बघतात. मुद्दाम कोणी करत नाही, पण सवयच तशी पडलीय. आणि ही सवय कुठून आली तेही माहीत असू द्या, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या क्लबच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली होती, ती पन्नास वर्षं होती. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०, ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९. क्लबच्या दारातूनच आम्हाला बाहेर काढलं होतं, म्हणून आत घ्यायची जबाबदारी पण क्लबचीच आहे असं मला वाटतं.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या महिला टीमने युरो कप जिंकला, आणि जिंकून चार दिवस पण झाले नव्हते तेव्हा सगळ्या तेवीस जणींनी सही करून एक खुलं पत्र लिहिलं, पंतप्रधान व्हायच्या शर्यतीत असलेल्या दोघांना. कप जिंकलाय, सगळा देश डोक्यावर घेतोय, आणि या पोरींनी मागितलं काय? की शाळेत प्रत्येक मुलीला पीटीच्या तासाला फुटबॉल खेळता आलं पाहिजे, तेव्हा फक्त ६३ टक्के मुलींना ते मिळत होतं, आणि आठवड्याला निदान दोन तास पीटी पाहिजे, आणि त्यासाठी महिला शिक्षकांवर खर्च करा. पुढच्या मार्चमध्ये सरकारने मुला-मुलींना शाळेत खेळाची समान संधी देऊ असं जाहीर केलं, ६० कोटी पौंडांहून जास्त निधीसह. मी ते पत्र वाचलं तेव्हा रडले. कारण त्यांच्यातल्या कित्येकींना लहानपणी शाळेत खेळू दिलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःसाठी काही न मागता तो तास मागितला. म्हणून माझं म्हणणं, शाळेत याल तेव्हा अर्ध्या मुली असतील असं आधीच सांगा, निम्म्या वेळा महिला कोच पाठवा, आणि पहिले काही आठवडे मुलींना वेगळा चौकोन द्या, त्या सरावल्या की स्वतःच म्हणतील आता मुलांसोबत खेळू. आमच्याकडे तसंच झालं.

सुरक्षेबद्दल मी कमी लिहिणार आहे पण याच्यावर तडजोड नाही. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये माजी खेळाडू पुढे येऊन बोलले की लहानपणी कोच लोकांनी त्यांचा लैंगिक छळ केला होता, एकामागून एक माणसं बोलायला लागली, आणि २०२१ मध्ये क्लाइव्ह शेल्डन यांचा चौकशी अहवाल आला त्यात स्पष्ट म्हटलंय की तिथल्या फुटबॉल असोसिएशनने मुलांना जपायला पुरेसं केलं नाही. त्या मुलांना तेव्हा कोणी विचारलं नाही कारण कोच म्हणजे स्वप्नाची किल्ली होती ना. म्हणून शाळेत येणाऱ्या प्रत्येक माणसाची तपासणी झालेली असावी, कोचने एका मुलासोबत एकट्याने थांबू नये, मुलांशी खासगी मेसेज नकोत, जे काही असेल ते पालकांच्या आणि शाळेच्या ग्रुपवर, फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. तक्रार करायला क्लबमधल्या माणसाचं नाव आणि शाळेतल्या माणसाचं नाव, दोन्ही भिंतीवर लावा, मुलांच्या उंचीवर. आणि छोट्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, शिकवू नका. स्कॉटलंडमधल्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या २०१९ च्या अभ्यासात मेंदूच्या आजाराने मृत्यू होण्याचं प्रमाण साडेतीन पट दिसलं, हेडिंगमुळेच असं त्यात सिद्ध झालेलं नाही, तरी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक वयाच्या मुलांच्या प्रॅक्टिसमधून हेडिंग काढून टाकलं. अमेरिकेने तर २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बंद केलं. तुमच्या कोचला माहीत असेल, पण शाळेच्या शिक्षकाला सांगितलंय का?

शेवटी मुदतीचं. एक वर्षाचा करार आम्हाला नको. पहिलं वर्ष एकमेकांना ओळखण्यात जातं, त्यात तुमचा सीझन आणि आमचं शैक्षणिक वर्ष जुळतंच असं नाही, परीक्षा असतात तेव्हा तुमचा कोच रिकामा आणि आम्ही मोकळे तेव्हा तो बाहेर. कमीत कमी तीन वर्षं. आणि टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली तरी हे थांबणार नाही असं लिहून द्या, कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री शाळांच्या कार्यक्रमावर चालते हे आम्हाला कळतं. इंग्लंडमध्ये क्लबचं हे काम वेगळ्या धर्मादाय संस्था म्हणून नोंदवतात, त्यांचे विश्वस्त वेगळे, हिशोब वेगळा, म्हणजे शनिवारी मॅच हरली म्हणून सोमवारी शाळेतला तास रद्द होत नाही. तिथे हे काम १९८६ मध्ये खेळाडूंच्या युनियनने वायव्य भागातल्या मोजक्या क्लबपासून सुरू केलं होतं, एकदम सगळीकडे नाही. तुम्ही पण दोन शाळा घ्या. वीस शाळांत एकेक दिवस जाण्यापेक्षा दोन शाळांत तीन वर्षं जा.

आणि वर्षाच्या शेवटी रिपोर्ट लिहाल तेव्हा किती मुलं आली हा आकडा खाली लिहा, वर लिहा की कोच यायचा थांबल्यावर सहा महिन्यांनी किती शिक्षक स्वतः तो तास घेतायत, आणि आधी कडेला बसणारी किती मुलं आता खेळतायत. मोजायला अवघड नाही, पायरीवर बसून मोजता येतं, ती कोच मुलगी तशीच मोजायची.

मंगळवारी तिसरा तास माझा सहावीचा असतो. पहिल्यांदा याल तेव्हा जर्सी, बॅनर, बॉल काही आणू नका, बॉल आहेत आमच्याकडे, हवा मी भरून ठेवते. एकच माणूस पाठवा, त्याने तास बघावा आणि संपल्यावर माझ्याशी दहा मिनिटं बोलावं. पुढच्या मंगळवारी तोच माणूस परत यावा.

आपली,
एक पीटीची शिक्षिका